वटवाघळांवरील बाह्य जीवोपजीवी : अभ्यासाचा इतिहास

वटवाघळांच्या अंगावरील केसांत, पंखांच्या पातळ पटलावर किंवा त्यांच्या विश्रांतिस्थानी राहून त्यांचे रक्त अथवा त्वचेतील स्राव यांवर उपजीविका करणाऱ्या संधिपाद प्राण्यांना वटवाघळांचे बाह्य जीवोपजीवी असे म्हणतात. ज्या प्राण्यावर जीवोपजीवी जगतो त्याला पोषक म्हणतात. वटवाघळांवर आढळणाऱ्या या प्राण्यांत माश्या, पिसवा, ढेकूण, माइट व गोचीड यांचा समावेश होतो. त्यांचा शास्त्रीय अभ्यास सु. २३० वर्षांपूर्वी सुरू झाला. पहिली सु. शंभर वर्षे हे प्राणी पोषकापासून वेगळे काढून, टाचणीला टोचून किंवा अल्कोहॉलमध्ये बुडवून तपासले गेले व त्यामुळे त्यांच्याविषयी अनेक गैरसमज रूढ झाले. कीटकाबरोबर वटवाघूळ आणि वटवाघळाबरोबर त्याचे विश्रांतिस्थान पाहण्यास सुरुवात झाली, तेव्हा हे गैरसमज क्रमाक्रमाने दूर झाले. या विषयाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र हेच आहे.

प्रकार : वटवाघळांच्या जगात १,४०० हून अधिक जाती आहेत. त्यांच्यावर राहणाऱ्या माश्या द्विपंखी (डिप्टेरा) गणातील दोन कुलांत मोडतात. निक्टेरिबिइडी कुलात सु. २७५ जाती असून त्या सर्व पंखहीन आहेत. स्ट्रेब्लिडी कुलात सु. २३० जाती असून त्यांतील पुष्कळांना पंख असतात, काहींचे पंख आखूड असतात, तर काहींना ते नसतात. पिसवांच्या गणातील इश्नोप्सायलिडी या कुलातील सु. १३० जाती केवळ वटवाघळांवर आढळतात. ढेकणांच्या कुलातील (सिमिसिडी) अनेक जातींचे पोषक वटवाघळेच आहेत. ढेकणांशी नाते असलेल्या पॉलिक्टेनिडी या छोट्या कुलातील सर्व जाती वटवाघळांच्या केसांतच आयुष्य घालवितात. यांखेरीज पंखांच्या पटलाला बिलगून राहणारे स्पिंटर्निसिडी कुलातील माइट आणि मऊ व कठीण अशा दोन्ही प्रकारांचे गोचीडही आढळतात. इतर अनेक सस्तन प्राण्यांवर आढळणाऱ्या उवा मात्र वटवाघळांवर नसतात. ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण प्रारंभीच्या अभ्यासकांनी वटवाघळांवरील माश्यांना उवांसारखेच मानले होते.

प्रारंभीचे संशोधन : कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये रूढ केलेल्या वर्गीकरणात पंख नसलेल्या कीटकांचा ‘अ‍ॅप्टेरा’ हा एक गण होता. त्यात उवा, पिसवा, माइट, कोळी, विंचू, एवढेच नव्हे तर खेकडेही एकत्र ठेवलेले होते. पंख नसणे हे एकच लक्षण प्रमाण मानल्यामुळे एकमेकांशी नाते नसलेले प्राणी शेजारी आले. वटवाघळांवरील पंखहीन माश्या अशा व्यवस्थेत माशी म्हणून ओळखल्या जाणे कठीण होते.

फ्रेंच कीटकवैज्ञानिक प्येअर आंद्रे लात्रेय (१७६२–१८३३) यांनी १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कीटकांच्या वंशलक्षणांवरील ग्रंथात या प्राण्यांसाठी ‘निक्टेरिबिया’ हा वंश स्थापन केला. हे नाव वटवाघूळ व जीवन या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनले आहे. कीटकाच्या आकारावरून नव्हे, तर त्याच्या राहणीवरून दिलेले हे नाव दूरदर्शीपणाचे होते. तथापि १८०५ मध्ये त्याच वंशातील जातीला लात्रेय यांनी ‘पेडिक्युलॅरिया’, म्हणजे उवेसारखी, असे विशेषण लावले. त्याआधी १८०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेर्मान यांच्या पंखहीन प्राण्यांवरील ग्रंथात अशाच एका कीटकासाठी वापरलेल्या ‘थिरिडियम’ या नावातही ऊ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज माँटेग्यू यांनी १८०८ मध्ये अशा कीटकाला ‘सेलेरिपीज’ (चपळ पायांचा) असे नाव दिले. केसांच्या दाट जाळ्यातून हे प्राणी विलक्षण वेगाने धावतात, हे जिवंत प्राणी पाहणाऱ्यालाच कळू शकते. मृत नमुना पाहणारा त्याला ऊ म्हणतो आणि जिवंत प्राणी पाहणारा चपळ पायांचा म्हणतो, हा फरक या विषयाच्या आरंभीच दिसून येतो.

या माश्यांची शरीररचनाही दिशाभूल करणारी आहे. डोके लहान असून विश्रांतीच्या वेळी ते मागे वळून वक्षाच्या वरील बाजूस असलेल्या खाचेत बसते. पाय लांब असून ते वक्षाच्या वरच्या पृष्ठावरून निघाल्यासारखे दिसतात. त्यामुळे कीटक पालथा आहे की उताणा, हे प्रथमदर्शनी उमगत नाही. आठ पाय नसले तरी एकूण आकार कोळ्यासारखा वाटतो. शरीरावर फणीच्या दातांसारख्या काट्यांच्या ओळी असतात व पायांना मजबूत नखर असतात. यांमुळे वटवाघूळ उडत असताना किंवा नखांनी अंग विंचरीत असताना माशी सहसा गळून पडत नाही.

पंख असलेल्या माश्यांचा ‘स्ट्रेब्ला’ हा वंश जर्मन कीटकवैज्ञानिक व्हीडेमान यांनी १८२४ मध्ये स्थापन केला. पंखांमुळे हे कीटक माश्या आहेत याविषयी शंका राहिली नाही. त्यांची निक्टेरिबियाशी तुलना झाल्यावर पंखहीन कीटकही त्याच गणातील आहेत या मताला बळकटी आली.

भारतीय उपखंडातील नोंदी : इंग्रज कीटकवैज्ञानिक जॉन ओबडाया वेस्टवुड (१८०५–९३) यांनी १८३५ मध्ये लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात निक्टेरिबिया वंशावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यात वर्णिलेल्या एका भारतीय जातीला त्यांनी कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांच्यावरून ‘निक्टेरिबिया साइकेसाय’ असे नाव दिले. साइक्स हे मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनचे सांख्यिकी अधिकारी होते. जमीन, पिके व लोकसंख्या यांची माहिती गोळा करीत असतानाच त्यांनी या प्रदेशातील पशुपक्ष्यांच्या नोंदी केल्या व १८३१ मध्ये दख्खनमधील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. ही माशी आता ‘सायक्लोपोडिया साइकेसाय’ या नावाने ओळखली जाते. वड, पिंपळ, चिंच यांसारख्या मोठ्या वृक्षांवर दिवसा उलटी लोंबकळणारी जी मोठी फलाहारी वटवाघळे महाराष्ट्रातील खेडोपाडी परिचित आहेत, तीच या माशीची पोषक होत. अशा रीतीने दख्खनच्या पाहणीशी संबंधित असलेल्या एका अधिकाऱ्याचे नाव एका माशीच्या रूपाने प्राणिविज्ञानात टिकून राहिले.

श्रीलंकेत वसाहत-सचिव असलेले सर जेम्स इमर्सन टेनेंट यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या बेटाच्या निसर्गेतिहासावरील ग्रंथात मोठ्या फलाहारी वटवाघळांवरील निक्टेरिबियाचे वर्णन केले आहे. भारत, श्रीलंका व ब्रह्मदेश येथील या कुलातील माश्यांचा पद्धतशीर आढावा मात्र ह्यू स्कॉट यांनी १९२५ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयाच्या नियतकालिकात घेतला. पुढे १९८१ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने राजस्थान व गुजरात येथील वटवाघळांच्या बाह्य जीवोपजीवींवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला.

कोलेनाती यांचे कार्य : पोषक व जीवोपजीवी या दोघांचाही सखोल अभ्यास करणारे पहिले महत्त्वाचे संशोधक म्हणजे फ्रीड्रिख कोलेनाती (१८१२–६४) हे होत. प्राग येथे जन्मलेले कोलेनाती मोरेव्हियातील ब्रनो येथे निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी १८५६ मध्ये वटवाघळांच्या जीवोपजीवींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८६० मध्ये यूरोपातील वटवाघळांवरही ग्रंथ लिहिला. माश्या, पिसवा व माइट यांच्या अनेक जाती त्यांनी प्रथम वर्णन केल्या. वटवाघळांवरील पिसवांच्या अंगावरील फण्यांची संख्या हे जाती ओळखण्याचे उपयुक्त लक्षण आहे, हे त्यांनी ध्यानात घेतले व त्यानुसार ‘ऑक्टॅक्टेनस’ (आठ फण्यांची) आणि ‘हेक्सॅक्टेनस’ (सहा फण्यांची) अशी नावे दिली. ही नावे आजही प्रचारात आहेत. त्यांच्या गौरवार्थ १९५४ मध्ये वटवाघळांवरील एका माशीला ‘निक्टेरिबिया कोलेनाताय’ असे नाव देण्यात आले.

प्रजननाचे कोडे : या माश्यांची अंडी किंवा मुक्तपणे वावरणारी अळी सापडत नाही, याचे जुन्या निरीक्षकांना आश्चर्य वाटत असे. घोडे, मेंढ्या व पक्षी यांच्यावरील त्यांच्या जवळच्या माश्यांतही हेच आढळते. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक रेओम्यूर यांनी अठराव्या शतकातच अशा माश्या अंड्यांऐवजी कोशासारखे शरीर बाहेर टाकतात हे पाहिले होते. जर्मन प्राणिवैज्ञानिक रूडोल्फ लॉइकार्ट यांनी १८५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूक्ष्म अभ्यासात यामागील क्रिया उलगडली. मादीच्या शरीरात एका वेळी एकच अंडे पक्व होते. ते गर्भाशयातच फुटून अळी तेथेच वाढते आणि गर्भाशयात उघडणाऱ्या विशेष ग्रंथींच्या दुधासारख्या स्रावावर पोसली जाते. पूर्ण वाढ झाल्यावर ती बाहेर येते व थोड्याच वेळात कोशात रूपांतरित होते. कीटकाने एका वेळी एकाच अपत्याला गर्भात दूध देऊन वाढवावे, ही घटना विलक्षण आहे. वटवाघळाच्या बहुतेक जातींची मादीही एका विणीत एकाच पिलाला जन्म देते, हे साम्य केवळ योगायोगाचे असले तरी चित्तवेधक आहे.

निक्टेरिबिइडी कुलातील मादी अळी घालण्यासाठी पोषकाच्या अंगावरून उतरून गुहेच्या भिंतीवर, झाडाच्या ढोलीत किंवा फांदीवर जाते व अळी तेथे चिकटवून परत वटवाघळाकडे येते. कोशातून माशी बाहेर येण्यास साधारणपणे तीन-चार आठवडे लागतात. बाहेर आलेल्या माशीला लवकरच पोषक सापडला नाही, तर ती उपासमारीने मरते. म्हणजे आयुष्यभर अंगावर राहणाऱ्या या प्राण्याचा वंश विश्रांतिस्थानाच्या स्थैर्यावर अवलंबून असतो. ही गोष्ट संग्रहालयातील नमुन्यावरून कधीही कळली नसती.

विलक्षण प्रकार : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या प्रारंभी काही असे प्राणी सापडले की, त्यांचे वर्गीकरण करताना तज्ञही गोंधळले. इटालियन प्राणिवैज्ञानिक एन्रिको जील्योली यांनी १८६४ मध्ये चीनमधील वटवाघळावरून ‘पॉलिक्टेनीस’ (अनेक फण्यांचा) या कीटकाचे वर्णन केले. त्याला प्रथम द्विपंखी गणात, नंतर उवांच्या जवळ आणि अखेर ढेकणांच्या गणात स्थान मिळाले. या कीटकांना डोळे नसतात व ते पोषकाचे अंग सोडत नाहीत. त्यांच्यातील भ्रूण मादीच्या शरीरातच वाराभासी ऊतकाद्वारे पोषण मिळवितात, असे १९३१ मध्ये हेगन यांनी दाखवून दिले. दूध देऊन वाढविणारी माशी आणि वारेसारख्या ऊतकाने गर्भ पोसणारा ढेकणाचा नातलग, अशा दोन निरनिराळ्या मार्गांनी हे कीटक सारख्याच गरजेला सामोरे गेले आहेत.

आडेन्झामर यांनी १८९६ मध्ये ‘अ‍ॅस्कोडिप्टेरॉन’ या वंशाचे वर्णन केले. यातील मादी पंख असलेल्या माशीच्या रूपात वटवाघळाकडे येते, त्याच्या त्वचेत शिरते आणि पंख व पाय टाकून देते. नंतर तिचे शरीर फुगून पिशवीसारखे होते व केवळ मागील टोक त्वचेबाहेर उरते. अशा पिशवीला माशी म्हणून ओळखणे, तिची आधीची अवस्था माहीत नसताना, अशक्यच होते.

कार्ल योर्डान (१८६१–१९५९) यांनी १९०९ मध्ये आग्नेय आशियातील जवळजवळ केसहीन वटवाघळावर सापडलेल्या ‘अ‍ॅरिक्सेनिया ईसॉ’ या पंखहीन कीटकाचे वर्णन केले. हा शेपटीस चिमट्यासारखी उपांगे असणाऱ्या कीटकांच्या (डर्मॅप्टेरा) गणातील आहे. तो रक्त शोषीत नाही. त्वचेवरील स्राव व मळ यांवर जगतो. न्यूझीलंडमध्ये १९७३ साली एक प्रचंड कौरी वृक्ष कोसळला, तेव्हा त्याच्या ढोलीत वटवाघळांबरोबर राहणारी एक पंखहीन माशी मोठ्या संख्येने आढळली. बेव्हर्ली हॉलोवे यांनी १९७६ मध्ये तिला ‘मिस्टॅसिनोबिया झीलँडिका’ हे नाव दिले. ही माशी वटवाघळाच्या विष्ठेवर जगते; वटवाघूळ तिचे अन्न नसून निवारा व वाहन आहे. जीवोपजीवी आणि सहवासी यांच्यामधील सीमारेषा किती पुसट असू शकते, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पिसवांचा अभ्यास : लंडनचे धनको नाथॅन्येल चार्ल्स रॉथ्सचाइल्ड (१८७७–१९२३) यांनी पिसवांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह जमविला व योर्डान यांच्या सहकार्याने शेकडो जातींचे वर्णन केले. त्यांनीच १९०३ मध्ये सूदानमधील नमुन्यांवरून उंदरांवरील ‘झेनोप्सायला किऑपिस’ या पिसवेचे नामकरण केले. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाल्यावर परळ येथे पुढे झालेल्या संशोधनात हीच पिसू रोगाची मुख्य वाहक असल्याचे सिद्ध झाले. त्यामुळे आधी छंद समजल्या जाणाऱ्या पिसवांच्या वर्गीकरणाला आरोग्यशास्त्रात एकदम महत्त्व आले आणि वटवाघळांवरील पिसवाही त्या ओघात बारकाईने तपासल्या गेल्या. रॉथ्सचाइल्ड यांनी १९०७ मध्ये वर्णिलेली ‘थॉमाप्सायला ब्रेव्हिसेप्स’ ही फलाहारी वटवाघळांवर आढळते. एरवी या पिसवा प्रामुख्याने कीटकभक्षी वटवाघळांवर असतात. संग्रहाच्या सूचीचा १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा खंड वटवाघळांवरील पिसवांच्या अभ्यासाचा पाया ठरला.

पिसवेच्या अळ्या विश्रांतिस्थानाच्या तळाशी साचलेल्या विष्ठेत वाढतात. कोशातून बाहेर पडलेल्या पिसवेला छताशी लोंबकळणाऱ्या पोषकापर्यंत पोहोचावे लागते. म्हणून गुहा, तळघरे, पडक्या इमारती यांसारख्या जागी, जेथे विष्ठा साचते व भिंतीवरून चढता येते, तेथे पिसवा अधिक आढळतात.

नोंदींतील दोष व सुधारणा : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकाच जातीची माशी वटवाघळांच्या अनेक जातींवर सापडल्याच्या नोंदी प्रसिद्ध होत असत. त्यांवरून या माश्या पोषकाच्या निवडीत काटेकोर नाहीत असे मानले जाई. याचे एक मोठे कारण गोळा करण्याच्या पद्धतीत होते. रात्री जाळ्यात सापडलेली निरनिराळ्या जातींची वटवाघळे एकाच पिशवीत घातली जात. कोंडलेल्या वटवाघळांवरून माश्या भराभर दुसऱ्यावर जात व सकाळी चिठ्ठीवर चुकीच्या पोषकाचे नाव लिहिले जाई. पुष्कळदा तर मृत वटवाघळे संग्रहालयात पोहोचल्यावर ज्या पेटीच्या तळाशी माशी सापडे, त्या पेटीवरून पोषक ठरविला जाई.

पनामातील बाह्य जीवोपजीवींवरील १९६६ मध्ये शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रूपर्ट वेन्झेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेब्लिडी कुलाचा तपशीलवार अभ्यास सादर केला. विपुल नमुन्यांच्या आधारे नेहमीचा पोषक आणि अपघाताने नोंदला गेलेला पोषक यांत भेद करणे त्यामुळे शक्य झाले. वेन्झेल यांनी १९७६ मध्ये व्हेनेझुएलातील जातींवरही असाच ग्रंथ लिहिला. निक्टेरिबिइडी कुलासाठी ऑस्कर टेओडोर यांनी रॉथ्सचाइल्ड संग्रहाची सचित्र सूची १९६७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केली. पुढे पॅराग्वायमध्ये प्रत्येक वटवाघूळ स्वतंत्र ठेवून केलेल्या संग्रहाच्या आधारे कार्ल डिक यांनी २००७ मध्ये दाखविले की, काळजीपूर्वक गोळा केलेल्या नमुन्यांत बहुतेक माश्या एकाच पोषक जातीवर आढळतात. ज्याला निसर्गातील शैथिल्य समजले जात होते, ते बव्हंशी संग्राहकाच्या पिशवीतील होते.

विश्रांतिस्थानाचा अभ्यास : स्वीडनमधील ओलोफ रायबर्ग यांनी १९४७ मध्ये वटवाघळे व त्यांचे जीवोपजीवी यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. एड्रियन मार्शल यांनी मलेशियात बांबूच्या पेरांत राहणाऱ्या चिमुकल्या वटवाघळांवरील ‘बॅसिलिया हिस्पिडा’ या माशीचे संपूर्ण जीवनचक्र १९७० मध्ये वर्णन केले. बांबूच्या पेरातील बंदिस्त जागेत वटवाघूळ, माशी व तिचे कोश एकाच ठिकाणी पाहावयास मिळत असल्याने हा अभ्यास शक्य झाला. मार्शल यांचा बाह्य जीवोपजीवी कीटकांच्या परिस्थितिविज्ञानावरील ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पंखांवरील माइटांची संख्या पोषकाच्या विणीच्या हंगामात वाढते, असेही आढळले आहे. माद्या पिले घेऊन दाटीने एकत्र राहतात तेव्हा माइटांना नवा, कोवळा पोषक मिळतो. जर्मनीत बेखश्टाइन वटवाघळांवर केलेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, माद्या माशीचे कोश असलेल्या जागा टाळतात व वारंवार विश्रांतिस्थान बदलतात, असे दिसून आले. वटवाघळे एका ढोलीतून दुसऱ्या ढोलीत का जातात, या जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग त्यांच्या अंगावरील माश्यांत दडलेला होता.

ढेकणांची उत्पत्ती : मनुष्याच्या घरातील ढेकूण मूळचा वटवाघळांवरील असून गुहेत राहणाऱ्या आदिमानवाकडे तो तेथूनच आला, हे मत अमेरिकन कीटकवैज्ञानिक रॉबर्ट अझिंजर यांच्या १९६६ मधील ग्रंथामुळे सर्वमान्य झाले. यूरोपात एकाच जातीचे ढेकूण मनुष्यावर व वटवाघळांवर अशा दोन वेगळ्या वंशरेषांत आढळतात, हेही या मताशी जुळते. संपूर्ण कुलाच्या उगमाविषयीची कल्पना मात्र २०१९ मध्ये बदलली. जनुकीय पुराव्यांवरून ढेकणांचे कुल सु. ११.५ कोटी वर्षांपूर्वीचे असल्याचे अनुमान निघाले. वटवाघळांचे सर्वांत जुने ज्ञात जीवाश्म सु. ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. यावरून ढेकणांचा पहिला पोषक वटवाघूळ नव्हता, वटवाघळे त्यांना नंतर लाभली, असा निष्कर्ष काढण्यात आला. वटवाघळांवरील माश्यांचा पुरातन पुरावाही उपलब्ध आहे. कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅन्योला बेटाच्या अंबरमध्ये सापडलेल्या स्ट्रेब्लिडी कुलातील माशीचे वर्णन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

रोगप्रसाराशी संबंध : इटालियन संशोधक डिओनीझी यांनी १८९९ मध्ये वटवाघळांच्या रक्तातील, हिवतापाच्या परजीवीशी नाते असलेल्या ‘पॉलिक्रोमोफिलस’ या सूक्ष्मजीवाचे वर्णन केले. त्याचा वाहक डास नसून निक्टेरिबिइडी कुलातील माशी असल्याचा पुरावा १९४७ मध्ये पॅलेस्टाइनमधील संशोधनातून मिळाला व १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला पुष्टी मिळाली.

भारतात या प्रश्नाला क्यासनूर जंगल रोगामुळे महत्त्व आले. हा विषाणुजन्य रोग १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. त्याचा मुख्य वाहक ‘हीमाफिसॅलिस स्पिनिजेरा’ हा जंगलातील कठीण गोचीड आहे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) संशोधकांनी १९६९ मध्ये हा विषाणू घोड्याच्या नालासारख्या नाकाच्या एका कीटकभक्षी वटवाघळातून आणि त्याच्या विश्रांतिस्थानातील मऊ गोचिडांतून वेगळा केल्याची नोंद प्रसिद्ध केली. या गोचिडाला १९७१ मध्ये ‘ऑर्निथोडोरस कायरॉप्टरफिला’ असे नाव देण्यात आले. २०१५ मध्ये गोव्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात या रोगाचे रुग्ण आढळल्यानंतर जुन्या नोंदींकडे पुन्हा लक्ष जाणे स्वाभाविक आहे. तथापि विषाणू एखाद्या प्राण्यात सापडणे आणि त्या प्राण्याने तो मनुष्यापर्यंत पोहोचविणे या भिन्न गोष्टी आहेत. वटवाघळांमुळे मनुष्यात हा रोग पसरतो, असे या नोंदीवरून सिद्ध होत नाही. किर्गिझिया येथे १९७० मध्ये वटवाघूळ व त्यावरील ‘आर्गस व्हेस्पर्टिलिओनिस’ या गोचिडातून वेगळा केलेला इसिक-कूल विषाणू हे या प्रकारचे दुसरे उदाहरण आहे.

वटवाघळांवरील बहुतेक जीवोपजीवी आपल्या पोषकाला इतके बांधलेले असतात की, मनुष्याकडे ते सहसा वळत नाहीत. घराच्या माळ्यावरील वटवाघळे हुसकावून लावल्यावर किंवा मारल्यावर मात्र उपाशी राहिलेले ढेकूण व मऊ गोचीड खाली उतरून माणसांना चावल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे भीतीने केलेला उपायच कधीकधी उपद्रवाचे कारण होतो.

संरक्षणाचा प्रश्न : भारताच्या १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळांचा समावेश उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची रद्द करण्यात आली. परागण, बीजप्रसार व पिकांवरील कीटकांचे नियंत्रण या दृष्टींनी वटवाघळांचे महत्त्व आता मान्य झाले आहे. जुने वृक्ष तोडणे, पडक्या वास्तू पाडणे, गुहांत धूर करणे व पर्यटकांची वर्दळ यांमुळे त्यांची विश्रांतिस्थाने मात्र कमी होत आहेत.

या हानीबरोबर जीवोपजीवीही नष्ट होतात. एकाच पोषकावर जगणारी माशी पोषकाची संख्या घटताच त्याच्याआधीच नाहीशी होऊ शकते, कारण विरळ झालेल्या वसाहतीत कोशातून बाहेर पडलेल्या माशीला वेळेत वटवाघूळ सापडत नाही. जीवोपजीवीच्या लोपाची दखल बहुधा घेतली जात नाही. परंतु पोषकाच्या जातींतील नाती, त्यांची स्थलांतरे व त्यांच्यातील रोगांचे संक्रमण यांविषयी या लहान प्राण्यांकडून मिळणारी माहिती इतर मार्गाने मिळणे कठीण असते. गावाबाहेरील वडावरची वटवाघळांची वसाहत उठली, तर साइक्स यांचे नाव धारण करणारी माशीही त्या झाडावरून नाहीशी होईल. संग्रहालयातील नमुना व त्याची चिठ्ठी उरेल. पण ज्या पोषकावरून व विश्रांतिस्थानावरून त्या नमुन्याला अर्थ प्राप्त होतो, ते उरणार नाहीत. म्हणूनच वटवाघळांवरील बाह्य जीवोपजीवींचा यापुढील अभ्यास वटवाघळांच्या विश्रांतिस्थानांच्या रक्षणापासून वेगळा करता येणार नाही.